दुरुस्ती मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे

(तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी संविधानाच्या कलमांवर किंवा एखाद्या मोठ्या खटल्यावर बोलणार नाही. त्या विषयांवर बोलणारी जाणकार मंडळी आपल्याकडं आहेत. मला बोलायचंय ते वरच्या मजल्याच्या संडासातून आपल्या स्वयंपाकघरात ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल, छताचे पोपडे पडून उघड्या झालेल्या सळ्यांबद्दल, आणि नळाला हात लावला की झिणझिण्या येणाऱ्या मोरीबद्दल. इथं बसलेल्यांपैकी ज्यांचं घर भाड्याचं आहे त्यांना यातलं एक तरी घरी सापडेल.

मी पुण्यात वकिली करते. भाडेकरू आणि मालक यांच्यातले वाद माझ्याकडं नेहमी येतात. मी स्वतः लहानपणापासून भाड्याच्याच घरात राहिले आहे. या दोन्हींतून मला एक दिसलंय. आपल्या घरांतल्या दुरुस्त्या पैशाअभावी जितक्या रखडतात, त्याहून जास्त त्या आपण तोंड उघडत नाही म्हणून रखडतात.

आपण गप्प का बसतो? कारण घर मिळतानाचा त्रास आपण विसरलेलो नसतो. एजंटनं नाव विचारलं आणि पुढं फोन उचलणंच बंद केलं, हा अनुभव इथं किती जणांना आलाय ते हात वर करून सांगायची गरज नाही. दहा ठिकाणी नकार ऐकल्यावर अकराव्या ठिकाणी कुणी होकार देतं, तेव्हा ते घर मिळणं आपल्याला व्यवहार वाटतच नाही. तो उपकार वाटतो. आणि उपकार करणाऱ्याला "तुमचा पाइप फुटलाय" असं कसं सांगायचं? मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, "रहने दो. घर खाली करने बोलेंगे."

ही भीती खोटी नाही. तिला हसण्यावारी नेणारा माणूस कधी घर शोधत फिरलेला नसतो. पण नाण्याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आपल्याला घर नाकारणारे बहुतेक वेळा दुसरे असतात. पण आपण ज्या गळक्या खोलीत राहतो, तिचा मालक पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. त्याला आपण चाचा म्हणतो, हाजीसाहेब म्हणतो. लग्नात, मय्यतीत भेटतो. तिथं गप्प बसण्याचं कारण भीतीपेक्षा भीड असतं. भीतीनं असो की भीडेनं, छतातली सळी गंजायची थांबत नाही.

31 ऑगस्ट 2017 ला मुंबईत भेंडी बाजारच्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली. 21 सप्टेंबर 2020 ला भिवंडीतली जिलानी इमारत पहाटे, लोक झोपेत असताना पडली. प्रत्येक गळका पाइप इमारत पाडतो असं मला म्हणायचं नाही. पण जिथं पाणी मुरतं तिथं लोखंड गंजतं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतीचं काँक्रीट फोडतं. फुटलेल्या जागेतून आणखी पाणी आत जातं. हे वर्षानुवर्षं चालतं, आणि त्या सगळ्या काळात त्या घरात कुणीतरी राहत असतं, ते बघत असतं.

म्हणून पहिली गोष्ट. कुठली दुरुस्ती थांबू शकते आणि कुठली नाही, हे आपल्याला कळलं पाहिजे. भिंतीचा रंग थांबू शकतो. कपाटाची बिजागरी थांबू शकते. चार गोष्टी मात्र थांबू शकत नाहीत: विजेचा झटका, गॅसचा वास, मैल्याचं किंवा पिण्याचं पाणी बिघडणं, आणि छत, तुळई, खांब यांना पडलेल्या भेगा.

नळाला किंवा गिझरला हात लावून झिणझिण्या आल्या तर "जरा करंट येतोय" म्हणून रबरी चप्पल घालून आंघोळ करायची नाही. मेन स्विच बंद करायचा आणि परवानाधारक वायरमन बोलवायचा. अर्थिंग गेलेलं असू शकतं, वायरचं आवरण गेलेलं असू शकतं. आणखी एक लक्षात ठेवा. बोर्डात एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत असं अनेकांना वाटतं. एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्टसर्किट झालं तर वायरिंग वाचवते. माणसाला झटक्यापासून वाचवायला आरसीसीबी लागते. घरासाठी ती साधारणपणे 30 मिलिअँपिअरची बसवतात. मालकाकडं मागायची पहिली वस्तू ती आहे. खांबावरून मीटरपर्यंतचा बिघाड असेल तर वीज कंपनीला 1912 वर कळवा. गॅसचा वास आला तर स्विच चालू किंवा बंद काहीही करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 ला फोन करा. खांबातली भेग वाढताना दिसली किंवा दरवाजे अचानक चौकटीत अडकायला लागले, तर मालकाच्या उत्तराची वाट बघत घरात बसू नका. माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला 101 वर कळवा.

आता कायद्याकडं येऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधलं कलम 14 सांगतं की घर राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणं हे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतरही वाजवी मुदतीत मालकानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एकाच दुरुस्तीत अनेक भाडेकरूंचा संबंध असेल तर ते मिळूनही नोटीस देऊ शकतात. खर्चाचा हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या तर कायदा तो हिशेब मालकावर बंधनकारक मानतो.

पण यात तीन मेखा आहेत. त्या न सांगता मी तुम्हाला नुसता जोश देऊन घरी पाठवलं, तर ती फसवणूक होईल.

पहिली मेख म्हणजे मर्यादा. वर्षभरात जास्तीत जास्त किती रक्कम कापता येते? त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. महिना 12,000 रुपये भाडं असेल तर वर्षाचे 1,44,000 झाले, म्हणजे 36,000 रुपयांपर्यंत. वायरिंग, पाइपलाइन यांना एवढे पुरू शकतात. पण जुन्या वाड्यात पागडीवर राहणाऱ्या कुटुंबाचं भाडं महिना 80 रुपये असेल, तर वर्षाला 240 रुपये कापता येतील. त्यात वाळूची दोन घमेली पण यायची नाहीत. आणि हेवी डिपॉझिटवर राहणाऱ्यांचं काय? मुंब्रा, कुर्ला, भिवंडी इकडं ही पद्धत तुम्हाला माहीत आहे. एकरकमी काही लाख मालकाला द्यायचे आणि महिन्याचं भाडं शून्य किंवा नाममात्र. भाडंच नाही तर कापणार कशातून? सगळी पुंजी मालकाच्या हातात आणि आपल्या हातात काहीच नाही. हेवी डिपॉझिट देताना घर स्वस्त पडलं असं वाटतं. दुरुस्तीची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते.

दुसरी मेख करारातली. कलम 14 मधलं मालकाचं बंधन "भाडेकरूनं वेगळं कबूल केलं नसेल तर" असं आहे. एजंटच्या छापील नमुन्यात "सर्व प्रकारच्या दुरुस्त्या राहणाऱ्यानं स्वखर्चानं कराव्यात" अशी ओळ असते. किल्ली हातात येण्याच्या घाईत आपण तिच्याखाली सही करतो, आणि कायद्यानं दिलेलं सहीनं परत जातं.

तिसरी मेख सगळ्यात मोठी. आज शहरात आपण बहुतेक जण कायद्याच्या अर्थानं भाडेकरू नसतोच. अकरा महिन्यांचं जे अ‍ॅग्रीमेंट आपण करतो ते "लिव्ह अँड लायसन्स" असतं, म्हणजे राहण्याची परवानगी. त्यात आपण परवानाधारक ठरतो, आणि कलम 14 भाडेकरूसाठी आहे. परवानाधारकाचा मुख्य आधार म्हणजे त्याचा करार. घरात जिवाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि आपल्याला नसेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे, असं 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाचं कलम 57 म्हणतं. पण रोजच्या दुरुस्तीचं काय ते करारातच लिहिलेलं असलं पाहिजे.

म्हणजे दुरुस्तीची लढाई नळ फुटल्यावर सुरू होत नाही. ती सहीच्या दिवशी होते.

त्या दिवशी काय करायचं? भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही. पोलीस व्हेरिफिकेशन ही तर पूर्णच वेगळी गोष्ट आहे. आपल्या वस्त्यांमध्ये व्हेरिफिकेशनचा कागद म्हणजेच अ‍ॅग्रीमेंट असं समजणारी पुष्कळ कुटुंबं मी पाहिली आहेत.

करारात दुरुस्तीची विभागणी कशी लिहायची याचा एक चांगला नमुना तयार आहे. केंद्र सरकारचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा आपल्या राज्यात लागू नाही, पण त्याच्या परिशिष्टातली यादी आपण वापरू शकतो. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, पाइप बदलणं, वायरिंग, भिंतींना सफेदी हे मालकाकडं. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी साफ करणं, स्विच-सॉकेट, गिझरची दुरुस्ती, कड्या-कुलपं हे राहणाऱ्याकडं. यादी बघा, सगळा भार मालकावर टाकलेला नाही. आपण आपला वाटा कबूल केला की समोरच्याला त्याचा वाटा सांगताना आवाज कापत नाही. याच्याखाली एक ओळ वाढवा: "तातडीची दुरुस्ती कळवल्यापासून तीन दिवसांत न झाल्यास राहणाऱ्यानं ती करून घ्यावी व पावतीप्रमाणे खर्च पुढील भाड्यातून वजा करावा." आणि किल्ली घेताना रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, छत, मोरी, मीटर सगळं दाखवून. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. घर सोडताना डिपॉझिटच्या वादातही तोच उपयोगी पडतो.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून येणारं पाणी थांबवणं हे आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम आहे. पण आपण सोसायटीचे सभासद नसतो. त्यामुळं मालकानं सोसायटीला पत्र द्यायला हवं. आपण मालकाला फक्त "पाणी गळतंय" म्हणतो आणि तो "सोसायटीला सांगतो" म्हणतो, तिथं महिने जातात. "तुम्ही सोसायटीला दिलेल्या पत्राची पोच मला पाठवा," हे वाक्य शिकून घ्या.

आता कळवायचं कसं? फोनवर सांगू नका असं मी म्हणत नाही. आधी फोनच करा, आदबीनं करा. पण फोन ठेवल्यावर दहा मिनिटांच्या आत तेच लिहून पाठवा. साधारण असं:

"सलाम चाचा. आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे, सोमवारपासून मोरीतल्या नळाला करंट येतोय. गिझर बंद ठेवलाय. वायरमनला दाखवलं, त्यानं अर्थिंग तुटल्याचं सांगितलंय. त्याचा अंदाज आणि फोटो सोबत आहेत. घरात लहान मूल आहे, त्यामुळं गुरुवारपर्यंत काम व्हावं ही विनंती. तुमचा माणूस पाठवणार असाल तर वेळ कळवा. नसेल तर हाच वायरमन लावून पावती तुम्हाला पाठवतो."

यात शिवी नाही, धमकी नाही, कलम नाही. काय बिघडलं, कधीपासून, धोका काय, खर्च किती, कधीपर्यंत, एवढंच आहे. बहुतेक मालक एवढ्यावर हलतात, कारण लिहिलेल्या गोष्टीला नंतर "मला सांगितलंच नाही" म्हणता येत नाही. नाही हलले, तर तोच मजकूर तारखांसह कागदावर लिहून स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. एक मात्र कराराशिवाय करू नका: रागाच्या भरात भाडंच थांबवणं. भाडं थकवलं की वादाचा विषय बदलतो. मग छताबद्दल कुणी विचारत नाही, थकबाकीबद्दल विचारतात.

तक्रार केली म्हणून मालकानं पाणी किंवा वीज तोडली तर? कलम 29 प्रमाणे योग्य कारणाशिवाय भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय हे सगळं त्यात येतं. मुंबई आणि पुण्यात लघुवाद न्यायालयात, आणि असं न्यायालय नाही तिथं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणून घरातल्या बाईच्या नावानं करार असण्याचा उपयोग आहे.

बाईचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. गळणाऱ्या छताखाली दिवसभर कोण असतं? बादल्या कोण सरकवतं? करंट येणाऱ्या नळाखाली भांडी कोण घासतं? आणि मालकाशी बोलायला कोण जातं? बोलणारा पुरुष सकाळी आठला बाहेर पडतो आणि रात्री परततो. त्याला ते घर अंधारातच दिसतं. माझ्याकडं एक नर्सिंगची विद्यार्थिनी आली होती, आईबरोबर एका खोलीत राहणारी. गिझरचा झटका दोघींना दोनदा बसला होता. आई म्हणत होती, बोलायला घरात पुरुष माणूस नाही. मुलीनं मी आत्ता वाचून दाखवला तसा निरोप लिहिला. त्याच मजल्यावरच्या आणखी तीन घरांमध्ये तोच त्रास होता, त्यांच्याही सह्या घेतल्या. चार घरांचा एक कागद गेला. आठवड्याभरात पूर्ण मजल्याचं अर्थिंग नव्यानं झालं.

ही गोष्ट इथंच संपवली तर गोड वाटेल. पण अकरा महिने संपल्यावर मालकानं त्या दोघींचा करार पुढं वाढवला नाही. बाकीच्या तिघांचा वाढवला. कायद्यात त्यावर उपाय नाही. मुदत संपल्यावर परवान्याची जागा मालक परत मागू शकतो. त्यासाठीही त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडंच जावं लागतं, सामान रस्त्यावर फेकता येत नाही. पण मुदतीनंतर अडून राहिलं तर दुप्पट भाड्याची रक्कम अंगावर येते. त्या मुलीनं दोन महिने आधीच दुसरं घर बघायला सुरुवात केली होती, म्हणून ती निभावली. मी तिला नंतर विचारलं, परत लिहिशील का? ती म्हणाली, लिहीन, पण पहिली सही माझी नसेल, चौघांची गोलाकार करीन.

मला तिचं हे उत्तर कुठल्याही कलमापेक्षा मोलाचं वाटतं. एकटा भाडेकरू काढून टाकता येतो. चार रिकाम्या खोल्या मालकालाही परवडत नाहीत.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत राहणाऱ्यांसाठी एकच सांगते. पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली की घर सोडलं तर हक्क जाईल, या भीतीनं लोक आत बसून राहतात. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलंय. बाहेर पडताना भाडेपावत्या, वीजबिलं, जागेच्या मापाची नोंद सोबत घ्या. हक्क कागदावर टिकतो. त्यासाठी ढिगाऱ्याखाली जायची गरज नाही.

आणि शेवटचं, थोडं बोचणारं. इथं बसलेल्यांमध्ये भाडेकरूंची मुलं आहेत तशी मालकांचीही आहेत. तुमच्या अब्बांच्या चार खोल्या असतील, मामूंची चाळ असेल. भाडं गोळा करायला तुम्हीच जात असाल. आपल्याला घर नाकारलं जातं तेव्हा आपण समान वागणुकीची भाषा बोलतो. मग आपल्या खोलीत राहणाऱ्या बिहारी कारागिराला, तलाकशुदा बाईला, विद्यार्थ्याला आपण कुठली भाषा बोलतो? "राहायचं तर राहा, नाहीतर रस्ता मोकळा आहे," ही भाषा आपल्या तोंडी असेल, तर आपली तक्रार अन्यायाबद्दल नव्हती, फक्त आपली बाजू बदलायची होती.

आज घरी गेल्यावर तीन कामं करा. आपला करार शोधा आणि दुरुस्तीची ओळ वाचा. छत, मीटर आणि मोरीचे फोटो तारखेसह काढून ठेवा. आणि शेजारच्या दोन घरांना विचारा, तुमच्याकडंही गळतंय का? तुमच्या घरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या असतील, तर चौथं काम आहे. पावसाळ्याच्या आधी स्वतः जाऊन विचारा, काही दुरुस्त करायचं आहे का.